मधल्याचा उपास

लग्नानंतर मी पहिल्यांदा सासऱ्यांच्या पाया पडायला वाकले, तेव्हा त्यांनी मला आशीर्वाद दिला नाही. ते घाईघाईनं म्हणाले, "पोरी, श्वास धर!"

मला वाटलं, या घराची काहीतरी रीत असेल. आमच्या पेठ वडगावात नसली म्हणून काय झालं, कोल्हापूर म्हणजे शहर. शहरात असतील नवनव्या रीती. मी श्वास धरला आणि वाकलेली तशीच राहिले. शेवटी सासूबाई कडाडल्या, "अवो, सोडा की तिला आता! निळी पडाय लागली पोरगी!" तेव्हा कुठे मला दिसलं, की सासऱ्यांच्या मांडीवर एक कॅमेरा उघडा पडलाय, त्याचं भिंग त्यांच्या तळहातावर आहे, आणि माझ्या श्वासाची वाफ त्याच्यावर बसेल या भीतीनं बिचाऱ्यांचा जीव टांगणीला लागलाय. भिंग डब्यात गेलं, डब्याला झाकण लागलं आणि मग मला अष्टपुत्रा म्हणून आशीर्वाद मिळाला.

शुक्रवार पेठेत घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणायचा, आम्हीही अण्णाच म्हणायचो. बुटका, गोरा माणूस, तोंडावर मात्र चेहऱ्याला न पेलणारी झुपकेदार मिशी. स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी एकच सांगायचे, "तोंड तिकडं करा, श्वास सोडा, मग बोला." आता कोल्हापूरचा माणूस बोलायला लागला की शब्दांबरोबर वाराही सुटतो. त्यामुळे अण्णांची निम्मी गिऱ्हाइकं भिंतीकडे तोंड करून "फोटो कवा मिळणार?" असं ओरडत उभी असायची. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, मास्तरांनी शिक्षा केलीय.

घरात आल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, मला कामं वाटून दिली. "थोरल्याला जरा वारं लागू दे. धाकट्याचं तोंड पूस. आणि मधल्याला हात लावू नगंस, त्याला अण्णांबिगार कुणाचा हात चालत न्हाई." स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा एकुलता एक आहे असं सांगितलं होतं. हे तीन दीर कुठून उगवले, आणि त्यातल्या एकाचं तोंड मी पुसायचं?

ते तीन कॅमेरे होते. थोरला अण्णांच्या वडिलांच्या वेळचा, लाकडी, पुढे भाता असलेला, काळ्या कापडात डोकं घालून बघायचा. मधला जर्मन, पितळी अंगाचा, डोळ्याला लावायचा. त्याला सेल लागत नव्हते, सगळं काम चाकांवर आणि स्प्रिंगांवर. धाकटा जपानी, सेलवर चालणारा, आमच्या ह्यांच्या हट्टापायी घेतलेला. आमचे हे त्या घरात चौथे. त्यांना लहानपणी गोवर आला तेव्हा अण्णांनी आधी मधल्याला दुसऱ्या खोलीत हलवलं आणि मग डॉक्टरांना बोलावलं, हे ते स्वतःच हसत हसत सांगायचे.

मधल्यावर अण्णांचा फार जीव. लग्नाच्या आधीपासून तो त्यांच्याकडे होता, आणि आक्का ते कधी विसरल्या नाहीत. "माज्या आधी आलाय म्हणून मान जास्त," असं म्हणून त्या नाक मुरडायच्या. पण त्याचा अंगरखा त्यांनीच शिवला होता. आमचं घर जैनांचं, कातडं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. नवा कॅमेरा घेतला की अण्णा त्याची कातडी पेटी दुकानदाराला तिथंच परत द्यायचे आणि कॅमेरा रुमालात गुंडाळून आणायचे. मग आक्का आपल्या जुन्या इरकली लुगड्याचे तुकडे घेऊन, आत कापूस भरून, वाकळ म्हणजे गोधडी शिवतात तसे टाके घालून त्याला कपडे शिवायच्या. मधल्याच्या अंगरख्याला भिंगाच्या जागी लाल काठ होता. बारशाला फोटो काढायला गेले की बायका बाळाऐवजी त्यालाच बघायच्या.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. आमच्या मागच्या खोलीत भूगर्भशास्त्र शिकवणारे एक सर भाड्यानं राहायचे. त्यांच्या खिशात कायम दगड. आक्का म्हणायच्या, "ह्यांची प्यांट धुवायला घेतली की आदी बादलीचा जीव जातोय." हे सर एक दिवस पळतच घरात आले. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाच्या मुलखात सरकारी जहाज जाणार होतं आणि त्यात त्यांची निवड झाली होती. पेढे वाटून झाल्यावर ते अण्णांना म्हणाले, "आमच्याबरोबर फोटोग्राफर येणार होता, त्याचं लग्न ठरलंय, तो नाही म्हणतोय. अण्णा, मी तुमचं नाव सुचवलंय."

अण्णा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "सर, आजवर लोकांनी सांगितलं ते काढलं. लग्नं काढली, बारशी काढली, मेलेल्याला खुर्चीत बसवून हार घालून तेबी काढलं. कुणी सांगितलं न्हाई असं काय तरी एकदा काढावं वाटतंय." त्या एका वाक्यानं घर उलटंपालटं झालं.

काही दिवसांनी त्या मोहिमेचे एक साहेब अण्णांना बघायला आले. साहेबांनी आत पाऊल टाकून "नमस्कार" म्हणायला तोंड उघडलं आणि अण्णा ओरडले, "तोंड तिकडं!" मधला उघडा होता. साहेब निमूटपणे भिंतीकडे वळले. सरांनी कपाळाला हात लावला. वाटलं, झालं, मुलगी बघायला आलेल्यांनी पोहे खायच्या आधीच चप्पल घातली. पण साहेब हसत वळले. म्हणाले, "माणूस योग्य आहे. पण एक लक्षात ठेवा. दोनच कॅमेरे घ्यायचे, आणि ते बर्फात चालले पाहिजेत. तिथं दुरुस्तीचं दुकान नाही. कॅमेरा अडला तर तुम्ही म्हणजे नुसता भात खाणारा पाहुणा."

हे शेवटचं वाक्य अण्णांना जिव्हारी लागलं. जेवताना मध्येच घास थांबवून ते म्हणायचे, "नुसता भात खाणारा पावणा! मी!" आणि मग रागानं आणखी थोडा भात घ्यायचे.

कुठले दोन कॅमेरे न्यायचे यावर घरात सभा बसली. शेजारचे पैलवान बोलावल्याशिवाय आले. त्यांनी कुस्ती सोडून बर्फाचा कारखाना काढला होता, म्हणून बर्फावर बोलायचा पहिला हक्क त्यांचा. ते म्हणाले, "अण्णा, थोरलाच न्या. परमुलखात जाताना गडी भारदस्त पायजे." आमचे हे म्हणाले, धाकटा आधुनिक आहे. आक्का म्हणाल्या, "तिघंबी हितं ऱ्हाऊ द्यात, आणि तुमीबी ऱ्हावा." शेवटी असं ठरलं, की तिघांनाही पैलवानांच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्यांमध्ये ठेवायचं, जो टिकेल तो जाईल.

थोरला पहिल्याच फेरीत चितपट झाला. त्याचा भाता वाळल्या पापडासारखा कडक झाला आणि घडीवर तडकला. धाकट्यानं दोन फोटो झोकात काढले आणि सेल गारठून डोळाच मिटला. मधला मात्र चालला, पण कसा? पंगतीत तुडुंब जेवलेला जावई उठतो तसा. बटण दाबलं की आतला पडदा आरामात उठायचा, इकडेतिकडे बघायचा आणि सावकाश बंद व्हायचा. तेवढ्यात पैलवान ओरडले, "अण्णा, मिशी!" डोळ्याला कॅमेरा लावलेल्या अण्णांच्या श्वासाची वाफ मिशीवर गोठली होती आणि मिशी मधल्याच्या पाठीला चिकटली होती. ना मिशी सुटे, ना मधला. अण्णा तसेच कॅमेरा तोंडाला लावून कारखान्यातून बाहेर आले, आणि पैलवानांनी कोमट चहा चमच्यानं मिशीवर सोडून दोघांना मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मिशी काढून टाकली. त्यांच्या दृष्टीनं ही साधी गोष्ट होती. मोहिमेला अडचण होणारी वस्तू कमी केली. पण आमच्या पेठेत माणूस मिशी काढतो तो घरात कुणी गेलं तरच. दहा वाजेपर्यंत ओसरीवर माणसं येऊन बसली. कुणीतरी आक्कांना म्हणालं, "वहिनी, धीर धरा." आक्का म्हणाल्या, "धरलाय की, लगीन झाल्यापास्नं." अण्णांचे वडील जाऊन कित्येक वर्षं झाली होती, तेव्हा आता परत कोण गेलं हे विचारायचं कसं, या पेचात सगळे होते. शेवटी एका म्हाताऱ्यानं विचारलंच. अण्णा म्हणाले, "कोण न्हाई. मधल्याला तरास व्हत होता." म्हातारा आणखीनच गंभीर झाला आणि म्हणाला, "मधला लई आजारी हाय काय?"

कारखान्यातल्या त्या पहिल्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली, ती मात्र हसण्यासारखी नव्हती. श्रावणातला तो ओला, कोंदट दिवस. बर्फातून काढलेला मधला अण्णांनी घरात आणून सरळ टेबलावर ठेवला आणि बघता बघता त्याच्या सर्वांगावरून पाणी ओघळायला लागलं. आक्का पंचा घेऊन धावल्या. "घाम आला, ताप उतरला बगा!" म्हणाल्या. पण पाणी आतही शिरलं होतं. अण्णा दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळपर्यंत विचार करून त्यांनी नियम काढला: बर्फातून बाहेर पडायच्या आत कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, तोंड दोऱ्यानं आवळायचं, आणि तो घराइतका कोमट होईपर्यंत ब्रह्मदेव आला तरी सोडायचा नाही. "पाणी पिशवीला बसंल, त्याला न्हाई," ते म्हणाले. आणि खरंच तसं झालं.

त्यानंतर महिनाभर अण्णा रोज कारखान्यात सराव करून, घट्ट तोंड बांधलेली, बाहेरून पाणी ठिबकणारी पिशवी घेऊन पेठेतून घरी यायला लागले. बर्फाच्या कारखान्यातून पिशवीत घालून माणूस काय आणतो? पेठेला वाटलं, मासे! अण्णा, आणि मासे! आधी कुजबूज झाली, मग ती बस्तीपर्यंत, म्हणजे आमच्या जैन मंदिरापर्यंत, पोचली. एक दिवस बस्तीतले दोन ज्येष्ठ अण्णांना वाटेत थांबवून म्हणाले, "पिशवी सोडा बगू." अण्णा म्हणाले, "आत्ता न्हाई सोडत." संशय पक्का झाला. "सोडा म्हणतोय!" "कोमट झाल्याबिगार सोडणार न्हाई!" शेवटी सगळी वरात आमच्या ओसरीवर आली आणि पिशवी कोमट होईपर्यंत तिच्याकडे बघत बसली. आक्कांनी सगळ्यांना चहा दिला. पिशवीतून मधला निघाला तेव्हा ज्येष्ठांनी त्याला नमस्कारच केला.

राहिला प्रश्न मधल्याच्या आळसाचा. महाद्वार रस्त्याच्या एका गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे चाचा बसायचे, मधल्याचं अंग उघडायचा मान फक्त त्यांना. चाचांनी भिंग डोळ्याला लावून आत पाहिलं आणि सांगितलं, "आतलं त्याल थंडीनं घट्ट हुतंय, दुसरं काय न्हाई. तिकडच्या मुलखाचं पातळ त्याल हितं मिळत न्हाई. समदं त्याल काढलं तर बर्फात हरणागत पळंल." अण्णांचा चेहरा खुलला. पण चाचांनी हात वर केला. "ऐकून घ्या अण्णा. कोरडं चाललं की चाकांची दातं झिजणार. काम करून यील, पर आल्यावर त्याच्यात काय उरंल, मी सांगू शकत न्हाई."

अण्णा मधल्याला घेऊन परत आले आणि स्टुडिओचं दार लावून बसले. मधला नेला नाही तर अण्णा म्हणजे भात खाणारा पाहुणा. मधला नेला तर कदाचित मधला गेला. मला तोवर अण्णांचं कॅमेऱ्यांचं वेड म्हणजे घरातली एक गंमत वाटायची. त्या दिवशी दाराच्या फटीतून मी त्यांना त्या पितळी अंगावरून अंगठा फिरवताना पाहिलं आणि पाऊल न वाजवता मागे फिरले.

पर्युषणाचे दिवस होते. आक्कांचे उपास चालू होते. दार उघडून अण्णा बाहेर आले आणि आक्कांसमोर उभे राहून म्हणाले, "आजपास्नं मधल्यानंबी उपास धरलाय. परत घरी येईस्तोवर त्याल वर्ज्य." मला वाटलं, आक्का आता तोंडसुख घेणार. पण त्यांनी हळद-कुंकवाचा करंडा आणला आणि अंगरख्याच्या लाल काठावर बोट टेकवलं. चाचांनी मधल्यातलं सगळं तेल काढून दिलं आणि त्या दिवसापासून आक्का रोज सकाळी विचारायच्या, "कसं हाय त्याचं? झेपतंय न्हवं?" अण्णा बटण दाबून दाखवायचे. खट्ट! कोरडा, कडक आवाज यायचा. "झेपतंय," अण्णा म्हणायचे.

मधल्याच्या उपासाची सोय लागली, पण अण्णांच्या जेवणाची नव्हती. आमच्यात सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. सरांनी कौतुकानं सांगितलं, की आपण जाऊ तेव्हा तिथं उन्हाळा असेल, सूर्य मावळणारच नाही. आक्का दचकल्या. "मावळणारच न्हाई? मग ह्यांनी काय अखंड चरतच बसायचं?" सर म्हणाले, थंडीच्या दिवसांत तर तिथं महिनोन्महिने रात्र असते. आक्का म्हणाल्या, "ते देवानं उपासाला बरं केलंय. पर उन्हाळ्याचं काय?" बस्तीतल्या पंडितजींना विचारलं. त्यांनी पोथ्या चाळल्या, पण सूर्य मावळायला विसरला तर काय करावं हे कुठल्याच आचार्यांनी लिहिलं नव्हतं. शेवटी आक्कांनीच निकाल दिला: मनगटावर कोल्हापूरचं घड्याळ ठेवायचं, आणि हिकडं दिवस बुडाला की तिकडं ताटावरून उठायचं, डोक्यावर ऊन असलं तरी.

डिसेंबरात जहाज गोव्याहून सुटणार होतं. आम्ही सगळे एसटीनं निरोपाला गेलो. सरकारनं दिलेले कातडी हातमोजे अण्णांनी नम्रपणे परत केले. आक्कांनी वाकळीचेच हातमोजे शिवले होते, बटण दाबायला एका बोटाला खिडकी ठेवून. मधल्याचा सगळा धातू अण्णांनी सुती पट्टीनं गुंडाळला होता, नाक चिकटू नये म्हणून. जोडीला धाकटा घेतला होता; त्याचे सेल एका छोट्या थैलीत घालून कमरेच्या कडदोऱ्याला, अंगाच्या उबेला बांधले होते. फिल्म थंडीत तडकते म्हणून ती हळू कशी फिरवायची, हे बंदरावर उभं राहून ते तिऱ्हाइतांनाही सांगत होते. जहाजाच्या शिडीवर चढताना त्यांनी मागे वळून पाहिलं. आक्का ओरडल्या, "जपून!" अण्णा ओरडले, "जपतोय, जपतोय!" आणि छातीशी धरलेल्या मधल्यावर त्यांनी हात ठेवला. आक्का मला म्हणाल्या, "बघ की गं. मी ह्यास्नी म्हणाले, आणि हे त्याला जपालेत."

ते दिवस घर अगदी मुकं होतं. दिवस बुडायच्या वेळेला आक्का ताटावरून उठायच्या आणि दक्षिणेकडे, म्हणजे आमच्या न्हाणीघराच्या भिंतीकडे, तोंड करून म्हणायच्या, "उठा आता." मी हसले तर रागवायच्या.

मार्चात अण्णा परत आले. काळवंडलेले, सोललेल्या नाकाचे, ताठ. फोटो उत्तम निघाले होते, पण बघणारा थोडा गोंधळात पडायचा. प्रत्येक शास्त्रज्ञाची हनुवटी वर, खांदा जरा तिरका, नजर डाव्या कोपऱ्यात. मागे बर्फाचा डोंगर नसता तर स्थळाला दाखवायला चालले असते. एकानं खरंच तसा पाठवला आणि त्याचं जमलंसुद्धा. पेंग्विनांचं तर अण्णांनी कौतुक केलं. "असलं शाणं गिऱ्हाईक जन्मात बगितलं न्हाई. आपणहून वळीत उभं ऱ्हातंय, हालत न्हाई, आणि फोटो कवा मिळणार म्हणून इचारत न्हाई."

खरी गोष्ट सरांनी सांगितली. शेवटी शेवटी एका वादळानंतर सगळ्यांना एकत्र उभं करून झेंड्यासह फोटो काढायचा होता. सरांनी स्वतःचा म्हणून नेलेला कॅमेरा गोठला. धाकट्यानं कडदोऱ्यावरचे सेल घालूनही डोळा उघडला नाही. उरला मधला. पण दोन दिवसांपासून त्याचा आवाज बदलला होता. खट्ट असा नव्हे, जात्यात खडा अडकल्यासारखा खरखर यायचा. सरांनी ऐकलं आणि म्हणाले, "अण्णा, राहू द्या. एक फोटो नसला तर काय बिघडतं?" अण्णांनी मधल्याला जवळ घेतलं, वाकळीच्या अंगरख्याखाली हातानं चोळलं आणि त्याच्या कानाशी, म्हणजे कान असता तिथं, म्हणाले, "एवढा एक, बाळा." मधल्यानं काढला. मग सूर्य एकदम ढगांतून बाहेर आला आणि अख्खा बर्फ गुलाबी झाला. हा फोटो कुणी सांगितलेला नव्हता. अण्णा परत म्हणाले, "एवढा एक." तोही त्यानं काढला. सर म्हणाले, "त्या खरखरीनं माझ्या अंगावर काटा आला, आणि अण्णांच्या डोळ्यांतलं पाणी गालावर गोठलं होतं. मी त्यांना ते पुसा म्हणालो तर म्हणाले, हात लावू नगा, चामडं निघंल."

कुणाचे मोठे उपास पूर्ण झाले की आमच्यात पारणं करतात, चार माणसं बोलावून. आक्कांनी मधल्याचं पारणं करायचं ठरवलं. ओसरीवर पाट मांडला, रांगोळी काढली, माणसांसाठी शिरा केला. पैलवान आले, सर आले, बस्तीतले ते दोन ज्येष्ठही आले. चाचा नवी सुई आणि तेलाची चिमुकली बाटली घेऊन आले. आक्कांनी मधल्याला औक्षण केलं. चाचांनी त्याचं अंग उघडून थेंब थेंब तेल सोडलं. मग अण्णांनी त्याला डोळ्याला लावून आम्हा सगळ्यांना जवळ जवळ उभं केलं. "हनुवटी वर," म्हणाले. आम्ही केल्या.

बटण दाबलं. आवाजच आला नाही. अण्णांनी चावी फिरवली, ती अर्ध्यात सैल होऊन फिरतच राहिली. चाचांनी कॅमेरा हातात घेतला, आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि पाटावर ठेवला. "अण्णा, दातं उरलं न्हाईत. ह्यो हितंवर कसा आला, मला ठावं न्हाई."

शिरा गार होत होता. आणि एकाएकी आक्का रडायला लागल्या. घरात कुणी जाताना रडावं तशा, पदर तोंडात धरून. "माज्या आधीपास्नं हुता हो," एवढंच त्या म्हणत होत्या. अण्णांनी त्यांना जवळ बसवलं. चारचौघांत त्यांनी आक्कांचा हात धरलेला मी तेवढ्या एकाच वेळी पाहिला. मग ते म्हणाले, "व्रत पुरं करून गेलाय. रडू नगंस. वाढ सगळ्यास्नी."

पुढे मुंबईच्या एका कारागिरानं सांगून पाठवलं, की नवे भाग घालून तो चालू करता येईल. अण्णांनी नको म्हणून कळवलं. बर्फावर जाऊन आलेला कॅमेरा म्हणून लोक अण्णांच्या शेवटच्या वर्षांपर्यंत तो बघायला यायचे. अण्णा त्याला अंगरख्यातून बाहेर काढून कौतुकानं हातात द्यायचे. येणारा तो डोळ्याला लावायचा, बटण दाबायचा, हलवून बघायचा आणि शेवटी तोंडावर म्हणायचाच, "काय हो अण्णा, हे तर बंद पडलंय की!"

अण्णा त्याच्या हातातून मधल्याला अलगद काढून घ्यायचे. "लई लांबनं आलाय त्यो," म्हणायचे. "बसू दे की त्याला."